बोथट सळईची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. टोक बोथट, म्हणून मला कुणी घाबरत नाही. घाबरायला हवं होतं.

जुन्या हुबळीतल्या एका कारागिराने मला पितळेच्या तारेतून घडवलं आणि मी वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात आले. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट असते. जन्मानंतर तिच्यावर पातळ पडदा चिकटतो. काहींचा चिकटत नाही. अशी उघडी वाट किती जणांत राहते, हे डॉक्टर मालतीबाई दान आलेल्या देहांमध्ये तपासत होत्या. त्या मला पडद्याच्या कडेने तिरकी सरकवत. वाट असली तर मी आपसूक पलीकडे निघे, नसली तर मुकाट मागे येई. "सळईनं विचारायचं, ढकलायचं नाही," असं त्या म्हणत. त्यांच्या हातात मी फार मिरवले.

शिपाई सिद्राम मला रोज धुऊन पुसे. त्याची आई लवकर गेली. थोरल्या बहिणीने, चंपाबाईने, दाजीबानपेठेतल्या घरांत पाणी भरून त्याला वाढवलं. पुढे पुढे घागर उचलताना तिला धाप लागे. सिद्रामला नोकरी लागली तरी ती पाणी भरतच राहिली आणि त्यानेही तिला थांबवलं नाही. एक दिवस ती गेली. तिच्याच इच्छेप्रमाणे तिचा देह आमच्याकडे आला.

तिचं हृदय तपासायच्या दिवशी मालतीबाई परगावी होत्या. त्यांचा विद्यार्थी आनंदा घाईत होता. त्याने मला सरळ आत रेटलं. पडदा फाटला. त्याने पाहिलं, घाम पुसला आणि वहीत लिहिलं : वाट उघडी.

दाराशी सिद्राम उभा होता. "अक्काच्या काळजात काय निघालं ओ सर?"

"भोक होतं. जन्मापासून."

"जन्मापास्नं?" सिद्राम रडू लागला. "म्हंजे अक्का घागरीनं गेली न्हवं म्हणायचं. सुटलो बघा सर."

मी तिथेच ताटात पडले होते. गुन्हा माझ्या टोकाला लागलेला, आणि मला जीभ नाही.

मालतीबाईंनी परत आल्यावर ते हृदय हातात घेतलं. जन्मजात वाटेची कड गुळगुळीत असते. ही उसवलेली होती. त्यांनी वहीतली नोंद खोडली. "सिद्रामला तूच सांग," एवढंच त्या आनंदाला म्हणाल्या.

त्याने सिद्रामला खरं ते सांगितलं. सिद्राम बराच वेळ मला फडक्याने पुसत राहिला.

"मग धाप कशानं लागायची ओ तिला?"

आनंदाने वही मिटली.

"नोकरी लागली तवाच तिच्या डोईवरली घागर काढून घ्यायला पायजे होती मी," सिद्राम म्हणाला आणि मला जागेवर ठेवून निघून गेला.

खोटं तसंच राहिलं असतं तर तो सुखात जगला असता का, हे मला आजही कळत नाही. फाडलं मी आणि भोगलं त्याने, एवढंच कळतं.

आता मी कपाटात काळवंडून पडले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या सळया हलक्या हाताने धरा. आणि घरात कुणाला धाप लागली, तर काळजात काय आहे ते मागाहून शोधा. आधी हातातली घागर घ्या.