खोक्यातली गर्दी

मधली सुट्टी बंद झाल्याचं बाईंना कळलं तेव्हा त्यांच्या चिमटीत कुणाचं तरी नाक होतं. पहिलीच्या वर्गात हे रोजचंच. नाक पुसून झालं, रुमाल मालकाला परत गेला, आणि बाई तडक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या.

तिथे पोरं ज्यांना बिल्लेकाका म्हणत ते संशोधक बसले होते. सर्दी-खोकला कसा पसरतो हे शोधायला त्यांनी पोरांच्या गळ्यात एकेक बिल्ला अडकवला होता. दोन बिल्ले जवळ आले की एकमेकांची नोंद घेत. पहिल्या आठवड्याचा निकाल हाती आला होता.

"सगळ्यात जास्त संपर्क मधल्या सुट्टीत," बिल्लेकाका म्हणाले. "पोरं जणू एकमेकांवर रचून ठेवली होती!"

"म्हणून उद्यापासून जागेवर बसूनच खायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "खिडक्या लावून. धूळ येते."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, रचूनच ठेवले होते! पोरं नाही, बिल्ले! महागाचे आहेत, खेळताना फुटतील, काढून घ्या, असं तुम्हीच सांगितलंत ना? रोज खडूंच्या खोक्यात भरून कपाटात ठेवत होते मी. पोरं मैदानात, बिल्ले खोक्यात!"

"म्हणजे काळजी घेतली हेही चुकलंच का माझं?" मोठ्या बाई फणकारल्या.

बिल्लेकाकांचा चेहरा पडला. त्यांनी तो लगेच उचलून जागेवर बसवला. "उद्बोधक आहे हे, मॅडम. पण अहवाल वर गेलाय."

"मग खाली आणा!"

"तसा येत नाही हो तो. पुढच्या अहवालात तळटीप टाकू."

"आणि तोवर माझी पोरं? एका बाकावर तिघं. एक शिंकला की उरलेल्या दोघांचे भांग मोडतात. मोकळा श्वास घ्यायला तेवढं मैदान आहे त्यांना, तेही काढून घेताय?"

"आवाज खाली, बाई. सूचना निघालीय," मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा झाली. बाईंनी नेहमीसारखे बिल्ले गोळा केले, खोका पहिल्या बाकावर ठेवला, खिडक्या लावल्या, दाराला बाहेरून कडी घातली. बाहेर थांबलेली पोरं खाऊचे डबे घेऊन बोंबलत मैदानात पळाली.

मोठ्या बाई धापा टाकत आल्या. "बाई! काय चाललंय हे?"

"तुमचीच सूचना पाळतेय. गर्दी करणाऱ्यांना वर्गात बसवलंय."

"लेखी खुलासा द्यावा लागेल!"

"देते की," बाई पायरी उतरत म्हणाल्या. "मैदानात बसून लिहिते. आत फार कोंदट होतं."