एकाच जहाजावरची पोरं

जहाज सापडलं, हे ऐकून शैलाबाईंना क्षणभर हायसं वाटलं होतं. मग त्यांच्या नवऱ्यानं, देवरावांनी, फोन खाली ठेवला आणि सांगितलं, की जहाज सापडलं, पण त्यावर माणूस नाही. अरबी समुद्रात ते लहानसं मालवाहू जहाज नुसतंच वाहत चाललं होतं. इंजिन बंद, लाइफबोट गायब, खलाशांपैकी एकाचाही पत्ता नाही. त्यांचा मुलगा सुमेध त्यावर इंजिनीअर होता. भिलाईतल्याच कॅम्प-वन वस्तीतल्या अंजनाबाईंच्या मुलाला, गौरवला, त्यानंच स्वयंपाकी म्हणून तिथं लावून दिलं होतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. समुद्राकडून काही कळलं नाही. मग एके दिवशी जहाजाच्या कंपनीचा माणूस भिलाईला आला. हातातला चहा तसाच धरून त्यानं विचारलं, "जहाज पर आपके बेटे की किसी से अनबन थी क्या?"

देवराव स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. ते नाही म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात शैलाबाईच बोलल्या. जहाज बंदराबाहेर उभं असताना सुमेधचा शेवटचा फोन आला होता. "आई, गौरव आता रात्री वर डेकवरच राहते. मी नजर ठेवून आहो त्याच्यावर," असं तो म्हणाला होता. कंपनीच्या माणसानं मान हलवली. काही दिवसांनी पोलीस कॅम्प-वनमध्ये जाऊन अंजनाबाईंचं घर उलटंपालटं करून आले.

तेव्हापासून शैलाबाईंच्या डोक्यातून ते जाईना. गौरव जिवंत असला तर? सगळ्यांना काही करून एकटाच बोटीतून निघून आला असला तर? भाजीबाजारात कोणीतरी सांगितलं, की अंजनाबाईकडं हल्ली दोन माणसांचा स्वयंपाक होतो, खोलीतून पुरुषाचा खोकला ऐकू येतो.

"लोकायचं काय मनावर घेते तू," देवराव म्हणाले.

शैलाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात जाते म्हणून निघाल्या आणि ऑटो करून कॅम्प-वनला गेल्या.

अंजनाबाईंच्या दाराबाहेर पुरुषाचे बूट होते. दार उघडंच होतं. आत खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन कोणीतरी झोपलं होतं. अंजनाबाई पटकन दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"काय पाह्यजे तुमाले?"

"कोण झोपलं आहे?"

त्या उत्तर देईपर्यंत शैलाबाई आत शिरल्या आणि त्यांनी पांघरूण ओढलं. पांढऱ्या मिशांचा एक अनोळखी माणूस दचकून उठून बसला.

"भाडेकरू हाय माझा," अंजनाबाई म्हणाल्या. "रातपाळी करून आला बिचारा. गौरवचा पगार बंद झाला, मंग ही खाट भाड्यानं देल्ली."

तो माणूस बूट घालून बाहेर गेला. शैलाबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"पोलीस तुमीच पाठोले ना?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हो."

"मले वाटलंच. मीबी तुमच्या पोराचं नाव सांगणार होती."

"सुमेधचं? कावून?"

"गौरवचा फोन आल्ता. म्हणे, सुमेधदादा मले खाली येऊ देत नाही. मालाच्या गोदामाच्या दाराले कुलूप लावलं. खालचे माणसं डोकं धरून बसते, उलट्या करून राहिले, आणि दादा म्हणते घरी बोलू नको. मले वाटलं, तुमच्या पोरानंच कायतरी घातलं त्यायच्या जेवणात. आन् नाव येईन माझ्या गौरवचं. स्वयंपाकी तो."

शैलाबाईंना सुमेधच्या फोनमधलं आधीचं बोलणं आठवलं. माल भरताना पाऊस लागला, खाली वास येते, असं तो म्हणाला होता. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना आठवत राहिलं होतं ते फक्त नजर ठेवण्याचं.

त्यांनी देवरावांना फोन करून बोलावून घेतलं. स्कूटर लावून ते आत आले आणि दोघींचं ऐकून घेतलं.

"माल कोणता होता?" त्यांनी विचारलं.

"स्पंज आयर्न, कच्चं लोखंड. आपल्या इथं रसमड्याच्या कारखान्यात बनते तेच, असं गौरव म्हणे," अंजनाबाई म्हणाल्या.

"ते ओलं झालं का तापते," देवराव म्हणाले. "गॅस सोडते, त्यानं डोकं धरते, उलट्या होते. भडका होऊ शकते. म्हणून सुमेधनं कुलूप लावलं असन, पोराले वर झोपोलं असन. नजर ठेवली म्हणजे त्याले जपलं." पुढे म्हणाले, "घाबरून सगळे थोड्या वेळासाठी बोटीत उतरले असतीन, आणि बोट दूर गेली असन. पण मी पाह्यलं नाही. खरं काय, कोणाले मालूम."

त्यांनी तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि माल ओला झाला होता का, एवढंच विचारलं. "ये आपको किसने बताया?" तो म्हणाला आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्यानं देवरावांचा फोन उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं पोलीस ठाण्यात गेले. गौरवबद्दल सांगितलं ते आमच्या गैरसमजानं, असं देवरावांनी लिहून दिलं. मालाचंही सांगितलं. साहेबानं ऐकलं, जहाजाचा मामला आपल्याकडे येत नाही म्हणाला, आणि कागद ठेवून घेतला.

बाहेर देवराव ऑटो पाहायला पुढं गेले. दोघी फाटकापाशी उभ्या राहिल्या.

"खरं सांगू, ताई," अंजनाबाई म्हणाल्या, "अजून मधीमधी मनात येते. तुमच्याच पोरानं तं नाही केलं."

"माझ्याही मनात येते," शैलाबाई म्हणाल्या. "गौरवचं."

अंजनाबाईंनी मान डोलावली. ऑटो आला, तशी शैलाबाईंनी त्यांना आधी बसायला सांगितलं आणि मग त्या शेजारी बसल्या.