कोणाच्या हाताखाली कोण

प्रत्येक गोष्टीला अंत असतो, असं थोरामोठ्यांचं वचन आहे. थोरामोठ्यांनी पर्लमध्ये प्रोग्राम लिहिले नव्हते.

ऑफिसात त्याला सगळे पर्लवाला म्हणत, कारण संगणकाची ती जुनी भाषा येणारा तो शेवटचा माणूस उरला होता. त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती. सुटकेचं पत्र आज पाचपर्यंत मेलने तिकडे पोचलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. साहेबांची अट एकच: "कोणाच्या हाताखाली कोण, एवढी यादी छापून द्या आणि सुखाने जा."

प्रोग्राम सरळ होता. माणूस घ्यायचा, त्याच्या हाताखालची माणसं पाहायची, मग त्यांच्या हाताखालची, मग त्यांच्याही; तळ लागला की पायरी पायरीने वर यायचं. सकाळी दहापासून प्रोग्राम नुसता खालीच जात होता. मेमरी संपून संगणकाने दोनदा मान टाकली.

शंभर पायऱ्या उतरल्या की पर्ल आपणहून सावध करतं. ती सूचना पर्लवाल्यानेच पाच वर्षांपूर्वी बंद करून टाकली होती. साहेबांना छापील कागदावर तक्रारी खपत नसत.

"अजून उतरतोय का तुमचा गडी?" टपाल सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं. "पाताळात पोचला की खुशाली कळवायला सांगा."

साडेतीनला घोळ सापडला. साहेब एकदा महिनाभर रजेवर होते, तेव्हा पर्लवाल्याला प्रभारी नेमलं होतं आणि साहेबांचं नाव त्याच्या हाताखाली टाकलं होतं. ते काढायचं राहून गेलं. साहेबांखाली पर्लवाला, पर्लवाल्याखाली साहेब. प्रोग्राम बिचारा घाण्याच्या बैलासारखा फिरत होता.

एकदा भेटलेल्या माणसाची खूण ठेवायची आणि त्याच्या दारात पुन्हा जायचं नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी त्याने घातल्या. पापणी लवायच्या आत यादी बाहेर पडली.

साहेबांनी ती चष्मा वर करून वाचली.

"म्हणजे तुम्ही माझे वरिष्ठ?"

"कागदावर, साहेब. खोडून टाकतो."

"रेकॉर्ड आहे ते. वरिष्ठाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

"मग द्या ना परवानगी."

"तुम्ही वरिष्ठ असताना मी कोण देणार? तुम्ही द्या."

"बरं, दिली."

"तो अधिकार तुम्हाला आहे का, हे तुमच्या वरिष्ठाला विचारावं लागेल."

"ते तुम्हीच."

"तेच तर म्हणतोय मी."

सुटकेच्या पत्रावर साहेबांनी पेन टेकवलं आणि उचललं. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला मोकळं कसं करायचं, ते नियमांत कुठेच नव्हतं. दोघांनी नियमांचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. पाच वाजले.

ऑफिसात सगळी मिळून सात माणसं होती. पाच घरी गेली.