बिरप्पाची व्याहीभेट

“मग पावणं, पोरगी देताय न्हवं आमाला?” जेऊरच्या गुंडाआबांनी विचारलं आणि पानाचा देठ खुडत उत्तराची वाट पाहिली.

बिरप्पाने उत्तर दिलं. चांगलं ऐसपैस दिलं. हात हलवले, हसला, लेकीकडे बोट दाखवलं. फक्त त्यात आवाज नव्हता.

बैठकीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. अंबुबाईने कपाळाला हात लावला. नवरा पाळी संपवून तसाच येऊन बसला होता, आणि त्याचं तोंड अजून गिरणीतच होतं.

त्यात नवल काही नव्हतं. विणाईखात्यात शेकडो माग एकदम धडधडायला लागले की कोकलून उपयोग नसतो. तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि दुसऱ्याचे ओठ बघून ऐकतात. बिरप्पा मेंढरं सोडून सोलापुरात आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. आता डोकं पांढरं झालं आणि कानही गेले. एकुलती लेक बाळाबाई हे मुकं बोलणं बापाकडून लहानपणीच शिकली होती. दोघं चुलीपुढे बसून तासन् तास ओठ हलवायची. अंबुबाई चिडायची, “मुक्यावानी तोंड हालवू नगंसा, बरं नसतंय ते.”

गुंडाआबांच्या मिशा एवढ्या झुपकेदार, की प्रश्न बिरप्पाला दिसलाच नव्हता. त्याने अंदाजाने ठोकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ बाळासो जेऊरकरांचा निरोप घेऊन आला. समोर बसून सावकाश म्हणाला, “दादा, घराणं बहिरं हाय म्हंत्यात. उद्या नातवंडंबी तशीच निघाली तर?”

बिरप्पा भडकला. कान गेल्याचं त्याला दुःख होतं, लाज मुळीच नव्हती. लाज वाटायचीच तर ती गिरणीला वाटावी. पण लेकीवर डाग? तो तडक दवाखान्यात गेला. डॉक्टरांना मिशी नव्हती, हे बरं झालं.

“कानात आत, हाडामध्ये, गोगलगायीच्या शंखासारखी पोकळी असते,” डॉक्टर ओठ उघडून नीट बोलले. “तिच्यात पाणी, आणि पाण्यात अगदी बारीक केस. आवाज आला की पाणी हलतं, केस लवतात, डोक्याला निरोप जातो. तुमच्या मागांनी ते केस मोडले.”

“मग फिरून येतील की. मेंढराची लोकर न्हाय का येत?”

“ही लोकर आईच्या पोटात एकदाच मिळते. मोडली की गेली.”

“मेंढरालाबी आसत्यात व्हय आसलं केस?”

“आईचं दूध पिणाऱ्या सगळ्यांनाच. बारीक आवाजाचे केस आधी जातात. ढोल ऐकू येतो ना तुम्हाला?”

“येतो की.”

“आणि मुलीचा आवाज?”

बाळाबाईचा आवाज बारीक होता. तो कधी गेला, हेसुद्धा बिरप्पाला कळलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

“ह्ये रगतातनं पोरीला जातंय का, तेवढं सांगा.”

“नाही. मुलीचे कान तुमच्या मागांवर कुठं होते?”

गुंडाआबांना हे पटेना. “डाक्तरचं काय वो, रेटून बोलतोय,” म्हणाले. मग बिरप्पाने खात्याच्या मुकादमाला, जॉबरला गाठून परवानगी काढली आणि पाहुण्याला थेट विणाईखात्यात नेलं.

दार उघडताच गुंडाआबांनी दोन्ही कान दाबले. पायाखालची फरशी थरथरत होती. मागवाले एकेक करून पुढे आले. एकाने पीकपाणी विचारलं, दुसऱ्याने लग्नाची तारीख. कुणीतरी चावटपणा केला आणि सगळे हसले. मध्ये गुंडाआबा तेवढे खुळ्यासारखे उभे. ते ओरडून काही म्हणाले, ते मिशांतच राहिलं.

बाहेर आल्यावर बिरप्पा समोरच्या चाळभर ऐकू जाईल असा गरजला, “आबा, तुमचं कान शाबूत हायती की! काय ऐकलंसा? तितं तुमीच बहिरं हुता. म्हनून आमी तुमचं पोरगं नापसंत केलं का?”

गुंडाआबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग सोबत आलेल्या बाळासोला म्हणाले, “पोरगी पसंत हाय. पर व्याहीभेटीला तू हुबा ऱ्हा. भावकी आसती, हसं नगं.”

बाळासोने ओशाळून भावाकडे तोंड केलं आणि ते सांगितलं.

“बाप म्या हाय. भेट म्याच घेनार. पटत नसंल तर टेसन लांब न्हाय.” बिरप्पाने गुंडाआबांच्या तोंडाकडे बोट केलं. “आन् येताना त्या मिशा कातरा. मला सोयऱ्याचं बोलनं दिसाय पायजे.”

पाहुणे स्टेशनाकडे चालते झाले. “लगीन मोडलंसा!” म्हणून अंबुबाई पुढे कितीतरी दिवस पाठ करून बोलत राहिली, बिरप्पाच्या लेखी तो अबोलाच. बाळाबाईने मात्र भाकरी वाढताना ओठ हलवले : बा, तुमीच हुबं ऱ्हायचं.

जेऊरहून होकार आला तो बऱ्याच उशिरा, आणि त्यात व्याहीभेटीबद्दल चकार शब्द नव्हता. वैशाखात वऱ्हाड आलं. बिरप्पा नवा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. ढोल त्याला ऐकू येत होता. समोरून गुंडाआबा आले, तेव्हा त्यांचा वरचा ओठ नुकत्याच कातरलेल्या मेंढरासारखा उघडा होता.

“दिसतंय न्हवं आता?” गुंडाआबा पुटपुटले.

“लख्ख दिसतंय!” बिरप्पाने त्यांना अशी मिठी मारली, की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. भावकी हसली, पण ते हसणं वेगळं होतं.

पाठवणीच्या वेळी बायका रडत होत्या, ढोल वाजत होता. बैलगाडीत बसलेल्या बाळाबाईने पदर मागे सारला, गर्दीत बापाचं तोंड शोधलं आणि नुसते ओठ हलवले.

“काय म्हनती पोरगी?” अंबुबाईने त्याचा दंड धरून, आज समोर येऊन विचारलं.

“फेटा सुटलाय म्हनती.”

बिरप्पाने फेटा सारखा केला. गाडी हलली तरी लेक बोलतच होती आणि तो पापणी न हलवता बघत होता. मग गाडी वळली, तिचं तोंड दिसेनासं झालं आणि बिरप्पाला तिचं ऐकू येणं थांबलं.