सरदारपुढे वाढलेलं पान

लंकाबाईंच्या सरदारची किडनी गेली, तेव्हा कुत्र्यांची डॉक्टर तेजल म्हणाली, "मावशी, हा बरा नाही व्हायचा. पण सांभाळलात तर राहील. रोज कातडीखाली सलाईन, बिनमिठाचा भात-भोपळा, पाणी भरपूर. खारट, तळलेलं पोटात गेलं की कारभार आटोपला."

लंकाबाईंनी सांभाळला. नवरा, पुंजाबापू, गेल्यापासून घरात श्वास घेणारं दुसरं होतंच कोण?

पण पितृपक्ष लागला आणि घात झाला. पितरांचं पान वाढायचं ते गायीला, कावळ्याला, कुत्र्याला. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत गाय फिरकत नाही आणि मोकाट कुत्र्यांना चायनीजच्या गाडीची चटक. ती नैवेद्याला हुंगूनसुद्धा बघत नाहीत. राहिला सरदार. लंकाबाई भाजीला गेल्या, की फाटकाखालून पान आत सरकायचं.

शेजारच्या सुवर्णाने सासऱ्यांचं, जयरामतात्यांचं, पान सरकवलं. वडे, खीर, आमटी. सरदारने ते चाटूनपुसून खाल्लं, फाटक ढकलून थेट सुवर्णाच्या दारात गेला आणि नाकाने कडी हलवून हलवून पाहिली. तात्या हयातीत कडी अगदी तश्शीच हलवून पाहायचे. मग त्याने सुवर्णाकडे असं बघितलं, की तिने नकळत डोक्यावर पदर घेतला.

झालं! जो तो पान घेऊन हजर. कुणाला बापाला काही विचारायचं होतं, कुणाला आईला नुसतं बघायचं होतं. इकडे सरदारला ओकाऱ्या सुरू, तोंडाला उग्र वास, पाय लटपटायला लागले. कारण कळलं तेव्हा लंकाबाई काठी घेऊन फाटकातच बसल्या.

"तुमच्या मेल्यांना जेवू घालताय, आणि माझा जिवंत मारताय!"

"रागावू नका हो मावशी," सुवर्णा म्हणाली. "उद्या तर आपल्या बापूंचीच तिथी. तुम्हाला नाही वाटत भेटावंसं?"

बाण वर्मी बसला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लंकाबाईंनी पान वाढलं. एका घासाने काय होतंय? अंथरुणाला खिळलेला सरदार आपणहून उठून आला, पानासमोर बसला. तोंड लावायच्या आधीच त्याने पंजाने पान हळूहळू फिरवलं. मीठ उजवीकडे आलं. पुंजाबापूंना जन्मभर मीठ उजव्या हाताशीच लागायचं.

मग त्याने मान वर केली. शेपटी हलत नव्हती. डोळे कुत्र्याचे नव्हते.

लंकाबाईंनी वडा उचलला. सरदारने तोंड उघडलं, आणि त्यांना त्याच्या पांढुरक्या हिरड्या दिसल्या, जिभेवरचे फोड दिसले. ते मात्र सरदारचेच होते.

"तुम्ही गेलात ते गेलात," त्या म्हणाल्या. "हा अजून आहे."

पान उचलून त्यांनी गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. एकही कावळा आला नाही.

खाली येऊन त्यांनी सलाईन लावायला घेतलं. सुई दिसली की सरदार एरवी घर डोक्यावर घ्यायचा. आज हलला नाही. त्याच्या मानेवरचे केस सावकाश दबत गेले, पाचही बोटं वेगवेगळी दिसावीत असे.

"घट्ट नका धरू," लंकाबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी सुई टोचली.