जोव्हीच्या बुटांचं खोकं

खोकं भरायला मला आठ महिने लागले. आम्ही फिलिपिनो बाया हाँगकाँगात वर्षभर राबतो आणि नाताळला घरी माणूस जात नाही, खोकं जातं. तळाशी टॉवेल, वर साबण, डबाबंद मांस, आणि उरलेल्या फटींत चॉकलेटं. यंदा मधोमध लेकीचे पांढरे बूट होते. जोव्हीनं कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं माप काढून पाठवलं होतं. तो कागद मी बुटातच ठेवला होता. दोन वर्षांत तिचा पाय मी तेवढाच पाहिला.

खोक्यांची ही रीत मी एका पुस्तकात सांगितली होती. देश सोडून आलेल्या बायांचं पुस्तक, त्यातलं चौथं प्रकरण माझं. आता त्या पुस्तकावरून चित्रं, पुतळे, नाच, काय काय निघालंय. नाच बसवणाऱ्या यिप मॅडम आपल्या लहान मुलीचा हात धरून स्वतः खोकं मागायला आल्या.

"एडिथा, खरं खोकं हवं. नुसतं स्टेजवर ठेवणार, कुणी हात लावणार नाही."

"रविवारी दोनला खोकी नेणारी नाताळची शेवटची गाडी आहे, मॅडम."

"बाराला खेळ संपतो. शब्द माझा."

माझी मैत्रीण नेनिता म्हणाली, "ताई, भरलेलं कशाला देतेस? रिकामं दे की!" पण मलाच मेलीला मिरवायची हौस. दिलं.

रविवारी आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. रडवं संगीत सुरू झालं. एका नाचणारीनं सुरी काढली आणि खोक्याचा तळ टराटरा फाडला. माझे आठ महिने धपाधप खाली पडले. बाकीच्यांनी चॉकलेटं उचलून प्रेक्षकांत वाटली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! मग तिनं जोव्हीचे बूट हातांत घातले आणि कोळशाची भुकटी पसरलेल्या स्टेजवर रांगायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर चढले.

"काढ! आधी हातातले बूट काढ!"

पोरगी घाबरली, काढले. मी लोकांकडे वळले. "चॉकलेटं परत द्या. माझ्या लेकीची आहेत ती."

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ डोळे पुसत होता, तोंडात जोव्हीचं चॉकलेट. नेनिता चिकटपट्टी घेऊन वर आली. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून साबण गोळा करत होतो आणि लोक फोटो काढत होते. बूट मी तिथल्याच बेसिनमध्ये धुतले. शिवणीतला काळेपणा काही गेला नाही.

दोनला दहा कमी असताना खोकं गाडीत चढलं. पायाच्या मापाचा कागद सापडला नाही. आठवण म्हणून नेला असेल कुणी.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "एडिथा, काय कमाल केलीस! लोक वेडे झालेत. पुढच्या रविवारी येशील? अगदी तसंच करायचं."

"शब्दाचं काय झालं, मॅडम?"

"अगं, कलेच्या भरात होतं असं. येशील ना?"

"येते," मी म्हणाले. "येताना तुमच्या मुलीचे बूट आणा. काळे मी करते."