नवरदेवाच्या हातचं हत्यार

रोहण्याच्या नानाजींच्या देवघरात देवांपेक्षा जास्त मान एका लोखंडी वस्तूला होता. दोन लांब दांडे आणि पुढे बोथट जबडा. ना धार, ना टोक, ना कुठे लोहाराची खूण. दसऱ्याला तिला झेंडू वाहायचे, आणि घरात लग्न निघालं की नवरदेवाने कट्यारीऐवजी हीच हातात धरायची, जबड्यात लिंबू अडकवून. कारण खापरपणजोबांनी म्हणे याच हत्याराने एका पेंढाऱ्याला धरलं होतं. पेंढारी मेला नाही, पण पुढे जन्मभर गरीब गाईसारखा वागला.

आता पाळी त्यांच्या मुलाची, धनंजयची, आणि ती काही येत नव्हती. पोरगा शेती करतो म्हटलं की पोरींचे बाप चहा न घेताच चपला शोधत. म्हणून आर्वीच्या गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आकांक्षा वडिलांना, अण्णाजींना, घेऊन स्वतः घर पाहायला आली, तेव्हा धनंजय जेवढा हरखला तेवढाच धास्तावला. पोरगी त्याला मनापासून आवडली होती.

"बाबा, आज ते हत्यार नका काढू," त्याने सकाळीच हात जोडले होते.

नानाजींनी पोह्यांच्या आधीच काढलं.

आकांक्षाने ते हातात घेतलं, दांडे उघडले, मिटले. "काकाजी, नवरदेव हेच घेऊन बोहल्यावर चढते?"

"चार पिढ्यांपासून!" नानाजींची छाती फुगली.

तिने ओढणी तोंडावर धरली. "मले जरा गोठा दाखवता काय?"

गोठ्यात धनंजयनेच विचारलं, "काय होय ते? खरं सांगा."

"गोऱ्हे खच्ची करायचा चिमटा होय जुना. कातडी फाटत नाई, आतली नस तेवढी चेपते." ती थांबली. "मी नाई सांगत काकाजींले. काऊन त्यायचं मन मोडा?"

धनंजय गव्हाणीवरच बसला. आजोबा, बाबा, सगळे काका, मुंडावळ्या बांधून, हसऱ्या तोंडाने, लिंबासकट. सांगावं तर पंचाईत. या हत्याराला नुसतं हसला म्हणून नानाजींनी सख्ख्या साळ्याशी बोलणं टाकलं होतं, सोयरीक मोडायला त्यांना कितीसा वेळ? पण गप्प बसलं तर उद्या हिच्याच शेजारी ते धरून उभं राहायचं. त्यापेक्षा बिनलग्नाचा बरा.

तो उठला, आत गेला आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळा झाला.

अण्णाजी पोह्यातले शेंगदाणे निवडू लागले. नानाजी लालबुंद झाले. त्यांनी चिमट्याकडे पाहिलं आणि नकळत मांडीवर मांडी टाकली.

"तरीच," ते शेवटी म्हणाले, "तरीच तो पेंढारी सुधरला!"

आधी अण्णाजींना हसू फुटलं, मग सगळ्या घराला. आकांक्षाने डोळे पुसत हात पुढे केला. "काकाजी, लग्नात यायच्या हाती अडकित्ता द्या. हे माह्यापाशी राहू द्या."

धनंजयच्या कानात 'लग्नात' एवढंच शिरलं. बाकीचं त्याने मागून घाबरायला राखून ठेवलं.